उजव्या हाताचं दार

आमच्या बू घराण्यात एखादी पोरगी स्वतःच्या मनानं चालायला लागली की तिला ठरलेला टोमणा मिळायचा, "गेलीस ना शेवटी को आजीवर?"

को हे तिच्या माहेरचं आडनाव. तिचं स्वतःचं नाव काय होतं ते कुणालाच ठाऊक नाही. आमच्या वंशावळीत त्या काळच्या बायकांना नावं नाहीतच. नवऱ्याच्या नावाखाली 'पत्नी, को घराण्यातली' एवढं लिहून लेखणी पुढच्या पुरुषाकडे वळते. ती माझ्या पणजोबांची आजी. दीडशे वर्षांपूर्वी आमच्याच जेजू बेटाच्या किनाऱ्यावर बुड्या मारून शंख, कालवं, समुद्रातलं शेवाळ काढणारी बाई. तिच्याबद्दल घरात एकच गोष्ट सांगितली जायची. एका वसंतात ती बाकीच्या बायांबरोबर बुड्या मारायला समुद्रापलीकडे, बुसानच्या बाजूला गेली आणि परत आली नाही. चार लेकरं मागं टाकून. ती लेकरं तिच्या नवऱ्यानं, बू मानहो आजोबांनी, एकट्यानं वाढवली. आजोबांचं थडगं दालसेमी टेकडीवर आहे. आजीचं कुठंच नाही. पळून गेलेल्या बाईचं थडगं असणार तरी कसं?

मी सोलला शिकायला गेले तेव्हा मला हा टोमणा मिळाला. तिथली नोकरी सोडून जेजूला परत आले तेव्हाही मिळाला, म्हणजे जाऊनही तेच आणि येऊनही तेच. मी हसण्यावारी नेत आले. पण मागच्या वर्षी माझी लेक हानुल झाली. तिच्या शंभराव्या दिवसाच्या जेवणाला ती कुणाच्या मांडीवर टिकेना. हातपाय झाडत, उन्हाकडे बघत सारखी दाराकडे झेपावायची. कुणीतरी कौतुकानंच म्हणालं, "ही तर आतापासून को आजी." सगळे हसले. मला हसू आलं नाही. एवढ्याशा जिवाच्या कपाळी इतक्या जुन्या कुणाचं पळून जाणं कशाला चिकटवायचं?

यंदा अधिक महिना आला. अधिक महिन्यात देवांचं आणि भुतांचं माणसांकडे लक्ष नसतं, म्हणून थडगी हलवायची ती याच महिन्यात. मोठ्या काकांनी मनावर घेतलं. टेकड्यांवर विखुरलेले आमचे सगळे पूर्वज खाली आणायचे, संत्र्यांच्या बागेलगतच्या तुकड्यात एकत्र ठेवायचे आणि प्रत्येकाला नवा दगड बसवायचा.

"माझ्या मागं वर चढून थडग्यांवरचं गवत कोण कापणार? हा?" जेवता जेवता काकांनी चमचा मिन्सककडे रोखला. मिन्सक त्यांचा एकुलता एक, तिशी ओलांडलेला.

"कापीन की," मिन्सक म्हणाला.

"स्वतःच्या डोक्यावरचं कापून घ्यायला तुला सणाचा मुहूर्त लागतो."

मी विचारलं, "काका, मानहो आजोबांच्या दगडावर आजीचंही लिहिणार ना? नवरा-बायकोचं एकत्रच लिहितात."

काकांनी वाटी तोंडाला लावून सूप संपवलं. "जी माणसं इथं राहिली त्यांचं लिहायचं. गेली तिचं कशाला? आजोबांचा दगड घडवायला टाकलाय. महिना संपायच्या आत बसवायचा."

बाबा गेल्यापासून माझ्या पाठीशी बापासारखे उभे राहिले ते हे काका. त्यांच्या बागेतली एकूण एक भिंत त्यांनी स्वतः रचलेली आहे. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. वादळात शेजाऱ्यांच्या भिंती बसतात, काकांची उभी असते. अशा माणसाशी वाद घालायची मला सवय नव्हती. मी भांडी उचलली.

थडगं उघडण्याआधी फोटो काढून ठेवावेत म्हणून काका मला टेकडीवर घेऊन गेले. एरवी आमच्याकडे गवत कापायला पुरुष जातात आणि बायका घरी नैवेद्याचं बघतात. कुट्टूच्या पिठाची पातळ धिरडी घालायची, आत वाफवलेल्या मुळ्याचा कीस भरायचा, सुरळ्या करायच्या. ज्या थडग्यासाठी मी लहानपणापासून या सुरळ्या करत आले ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होते. हानुल पाठीला बांधलेली होती.

हिरवा गोल उंचवटा आणि त्याच्या चारी बाजूंनी काळ्या दगडांचं कमरेएवढं कुंपण. गुरांनी, घोड्यांनी थडगं तुडवू नये, डोंगरावरचं गवत पेटवतात त्याची आग आत शिरू नये, म्हणून ते असतंच. पण हे नेहमीपेक्षा रुंद होतं. बाहेरून एक भिंत, आतून एक, आणि मधे बारीक दगडांचा भराव. काका आणि मिन्सक खालच्या कोपऱ्यावरून टांग टाकून आत गेले. सगळे तिथूनच जात असणार. तिथल्या दगडांना पायांची झिलई चढली होती.

"ये की," मिन्सक म्हणाला.

"पाठीवर पोर आहे. दार कुठाय?"

दार असतंच. आतल्या जिवाला जाता-येता यावं म्हणून कुंपणात एक अरुंद फट सोडतात. निजलेल्या माणसाचं डोकं टेकडीकडे, पाय समुद्राकडे. पुरुष असेल तर त्याच्या डाव्या हाताला दार, बाई असेल तर उजव्या हाताला. आमच्याकडे हे शाळकरी पोरालाही माहीत असतं, आणि सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट मुद्दाम कुणी बघत नाही.

मी डाव्या बाजूनं चालत गेले. भिंत सलग होती. वळसा घालून उजवीकडे आले तर तिथं काटेरी झुडपांचं रान माजलेलं. छत्रीच्या टोकानं ते बाजूला सारलं. फट तिथं होती. एक माणूस तिरपा होऊन जाईल एवढी, आणि जनावर शिरू नये म्हणून तिच्यात दोन लांब दगड आडवे टाकलेले.

"काका, दार उजवीकडे आहे."

"तू उलटी उभी आहेस. बघणाऱ्याचा हात धरायचा नसतो, निजलेल्याचा धरायचा."

"निजलेल्याचाच धरलाय."

मिन्सक उंचवट्याशेजारी गवतात सरळ आडवा झाला. डोकं टेकडीकडे, पाय समुद्राकडे. हात पसरले आणि झुडपाच्या बाजूचा वर केला. "हा माझा जेवायचा."

"ऊठ, गाढवा. मेलेल्यांच्या शेजारी असं निजतात का?"

काका स्वतः आले, वाकून फट बघितली आणि हात मागं बांधले. मग म्हणाले, "घोड्यांनी भिंत पाडली असेल. कुणीतरी पुन्हा रचली आणि फट नको त्या बाजूला ठेवली. होतं असं."

"आणि तसं नसेल तर?"

"आरुम." माझं नाव इतक्या सावकाश त्यांनी कधी घेतलं नव्हतं. "ही जागा माझ्या बापानं दाखवलेली आहे."

ते मला माहीत होतं. माझे आजोबा लहान असताना ती वाईट वर्षं आली. बंड मोडायला आलेल्या सैन्यानं डोंगराकडची गावं जाळली, पणजोबा मारले गेले, आणि नंतर कित्येक वर्षं या बाजूला पाऊल टाकायची कुणालाच मुभा नव्हती. वाट मोकळी झाली तेव्हा थडगी कुठली आणि रान कुठलं ते कळेनासं झालं होतं. शोधायला निघालेल्या मोठ्या माणसांच्या पुढं आजोबा चालले. मिसरूडही न फुटलेला पोरगा. बापाचं बोट धरून पाहिलेली जागा त्यानं ओळखली. दुसरं कुणी उरलंच नव्हतं ती ओळखणारं. काकांच्या लेखी त्या दारावर बोट ठेवणं म्हणजे त्या पोरावर बोट ठेवणं होतं.

मी फोटो काढले. उजव्या बाजूचे जास्त काढले.

दुसऱ्या दिवशी हानुलला घेऊन मी किनाऱ्यावर गेले. काकांची धाकटी बहीण, माझी आत्या, अजून बुड्या मारते. पाण्यावर तिचा नारिंगी तरंगता गोळा डुलत होता. मग तिचं डोकं वर आलं आणि कोंडलेला श्वास तिनं शीळ घातल्यासारखा लांब सोडला. हानुलनं माझ्या पाठीवरून तसाच आवाज काढायचा प्रयत्न केला आणि माझी मान थुंकीनं भिजवली.

आत्या जाळी ओढत खडकांवर आली. "काय गं, भरती करायला आणलीस हिला? अजून दात यायचेत."

मी तिला सगळं सांगितलं. ती जाळीतले शंख निवडत ऐकत होती, लहान असतील ते परत पाण्यात टाकत होती.

"दादा काय म्हणाला?"

"घोड्यांनी पाडली म्हणाले. आणि जागा आजोबांनी दाखवलीय म्हणाले."

"दाखवली ना. जागाच दाखवली. आत कोण आहे हे त्या पोराला कुणी विचारलं असेल? बरोबरच्या म्हाताऱ्यांनी एवढी दांडगी भिंत बघितली आणि ठरवलं, बाप्याच असणार. मग बाई कुठाय? सापडत नाही. सापडत नाही म्हणजे पळाली. मिटलं काम."

"तुला कधी संशय नाही आला?"

"मी कधी वर गेलेय? तुम्ही भाषणं करता तेव्हा मी मासे भाजत असते." तिनं एक शंख हातात फिरवला. "मलाही हाच टोमणा होता. पाण्यात उतरले तेव्हा आई माझ्याशी बोलेना. मी म्हणायची, पळाली तर पळाली, बरं केलं तिनं. पण चार पोरं टाकून? ते काही माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. खाली श्वास संपायला आला ना, की पोरंच दिसतात. दुसरं काही दिसत नाही. म्हणून तर वर येतो आम्ही."

"मग आता काय करू? महिना संपत आला. दगडावर एकदा मानहो आजोबांचं नाव बसलं की तिला कायमचं मिटवलंच."

"दादाला समजवायला जाऊ नकोस. तो ऐकून घेणार नाही. त्याच्या हातात दगड दे."

मी संध्याकाळी बागेत गेले. काका झाडांना टेकू देत होते. मी म्हटलं, "काका, एकदा फक्त भिंत बघा. पाडून पुन्हा रचली असेल तर डावीकडचं जुनं दार कुठंतरी बुजवलेलं असेलच. ती खूण मला दाखवा. दाखवलीत तर मी या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही, आणि हानुललाही तिच्या वाट्याचा टोमणा मुकाट्यानं ऐकायला शिकवीन."

काकांनी टेकूची दोरी आवळली. "शंभराव्या दिवशी तू हसली नव्हतीस. मी बघितलं होतं."

मी टेकू धरून ठेवला.

"सकाळी जाऊ," ते म्हणाले. "त्या सुनोकलाही घे. नाहीतर नंतर म्हणेल, मला सोडून गेलात." सुनोक म्हणजे आत्या.

सकाळी आम्ही वर गेलो. आत्यानं कोयता आणला होता आणि चढताना सारखी म्हणत होती की पाण्याखाली जायला या चढापेक्षा कमी दम लागतो. काकांनी हातमोजे काढून मिन्सककडे दिले आणि खालच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. दगडांवरून ते हात असा फिरवत होते की जणू घोड्याची मान चाचपत होते. मधेच थांबायचे, खांद्यानं भिंत ढकलून बघायचे.

"बुजवलेलं दार लपत नाही," ते मिन्सकला सांगत होते, पण आवाज आम्हा सगळ्यांसाठी होता. "दोन्ही कडांना वरून खाली उभी सरळ भेग राहते. कितीही चांगला हात असो, राहतेच. इथं बघ, प्रत्येक दगड शेजारच्यात दात घालून बसलाय."

डावी बाजू संपली. काकांनी वरचा कोपरा चाचपला आणि एकदा मागं वळून पुन्हा खालपर्यंत नजर टाकली. भेग नव्हती. ते पुढं सरकले. आत्या मधे बोलली नाही, आणि तिचं न बोलणं किती अवघड असतं ते आम्हाला ठाऊक आहे.

मागच्या बाजूला पोचल्यावर काकांचा आवाज बदलला. आता ते पुरावा शोधत नव्हते. दुसऱ्या कारागिराचं काम बघत होते. "हा तुकडा वेगळ्या हाताचा. दगड लहान निवडलेत, पण बसवलेत नीट. हा डावखुरा असणार, उतार उलटा घेतलाय. आणि इथं कुणीतरी नवशिक्या, त्याचं काम शेजाऱ्यानं सांभाळून घेतलंय."

"किती माणसं असतील?" मिन्सकनं विचारलं.

"चार पोरांचं काम नाही हे. गाव आलं होतं."

उजव्या बाजूला आत्यानं कोयत्यानं काटे छाटले. काका फटीपुढं गुडघ्यांवर बसले. दोन्ही कडांवर तळवे ठेवले. एक दगड भिंतीच्या लांबीत, त्यावर एक रुंदीत, पुन्हा एक लांबीत, तळापर्यंत. तोंडं एका रेषेत घासून घेतलेली. त्यांनी माती उकरून सगळ्यात खालचा दगड बघितला. तो फटीच्या आतल्या बाजूला संपत होता, जिथं संपायला हवा तिथंच.

"हे पडून झालेलं भगदाड नाही," ते म्हणाले. "पाया घालताना ठेवलेलं दार आहे. बांधणाऱ्यांना ठाऊक होतं आत कोण आहे."

ते फटीत आणखी वाकले. मग कडेच्या दगडाआडच्या भरावात त्यांना काहीतरी दिसलं. हात घालून त्यांनी एक दगड ओढून काढला. टेकडीवरचा दगड खडबडीत असतो, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा. हा गोल होता, गुळगुळीत, हाताला जड.

"हा इथला नाही," काका म्हणाले आणि तो आत्याकडे दिला.

आत्यानं अंगठ्यानं त्याची माती पुसली. पांढऱ्या बारीक नळ्यांची नक्षी दिसायला लागली, दगडाला घट्ट चिकटलेली. "आपल्या पाण्यातला," ती म्हणाली. "ओहोटीच्या रेषेच्याही खालचा. या किड्यांची घरं कोरड्यावर होत नाहीत."

मग आम्ही सगळेच भरावात बघू लागलो. फटीजवळ होते, मागच्या कोपऱ्यात होते, डाव्या बाजूलाही होते. खडबडीत दगडांच्या मधे मधे गोल, गुळगुळीत.

"टेकडीवर दगडांचा काय दुष्काळ होता?" मिन्सक म्हणाला. "एवढं ओझं खालून कशाला आणायचं?"

"दुष्काळ नव्हता रे," आत्या म्हणाली. "तिच्याबरोबर पाण्यात उतरणाऱ्या बाया आल्या होत्या. पाठीवरच्या टोपलीत घालून आणले त्यांनी. मोकळ्या हातानं कसं यायचं?"

मी हानुलला पाठीवरून सोडून पुढं घेतलं. वाऱ्यानं तिचे डोळे बारीक झाले होते. इथून आमचं गाव दिसतं, त्याच्या पुढं काळे खडक, त्यापुढं पाणी. तिथून इथवर चढ आहे, आणि तो चढ त्या बाया ओल्या दगडांनी भरलेल्या टोपल्या घेऊन चढल्या होत्या. पळून गेलेल्या बाईसाठी कुणी असं चढत नाही. ती कुठंही गेली नव्हती. चार लेकरं तिनं याच पाण्यातून वाढवली होती, आणि त्या लेकरांनी, डावखुऱ्यानं आणि नवशिक्यानं आणि साऱ्या गावानं, तिच्याभोवती ही दुहेरी भिंत घातली होती. हानुलला मी जरा जास्तच आवळलं आणि ती कुरकुरली.

"बाबा चुकले नव्हते," काका हळूच म्हणाले.

"मुळीच नाही," आत्या म्हणाली. "आपल्याच माणसापाशी आणून सोडलं त्यांनी सगळ्यांना."

मिन्सक उतरताना म्हणाला, "मग मानहो आजोबा कुठायत? म्हणजे पळून गेले ते..."

"खबरदार." आत्या वाटेतच थांबली. "ठाऊक नाही म्हणून आपण एका माणसाला इतकी वर्षं पळवत ठेवलं. आता दुसऱ्याला पळवू नकोस. ठाऊक नसलं की ठाऊक नाही म्हणावं. समुद्रात गेले असतील. घोडे घेऊन जाणाऱ्या जहाजावर गेले असतील. परमुलखात मेले असतील."

समुद्रात हरवलेल्यांसाठी आमच्याकडे रिकामं थडगं करतात. जिवाला हाक मारून बोलावायचं, त्याचं नाव लिहिलेला कागद मातीत ठेवायचा आणि वर उंचवटा रचायचा. आजोबांसाठी तसं करायचं ठरलं. त्यांच्यासाठी घडवलेला दगड वाया गेला नाही.

खरं भांडण झालं ते आजीच्या दगडावरून. जेवणाच्या टेबलाशी काकांनी कागद पुढं ओढला. "'को घराण्यातली सन्मान्य बाई.' सगळ्या बायकांचं असंच लिहितात."

"'बुड्या मारणारी' लिही," आत्या म्हणाली.

"दगडावर कुणी धंदा लिहितं?"

मोठी काकू कोबी चिरत होती, ती म्हणाली, "सुनोक, लोक हसतील हो. त्या काळी त्या बायांना कुणी चांगलं म्हणत नव्हतं."

"आजोबांच्या दगडावर काय कोरलंय, दादा?"

"'विद्यार्थी बू मानहो.'"

"कुठल्या शाळेत होते?"

काका वैतागले. "सरकारी पद नसलं की 'विद्यार्थी' लिहायची रीत आहे. तुला काय माहीत नाही? बाबांच्या दगडावरही तेच आहे."

"म्हणजे ज्यांनी पुस्तक उघडलं की नाही कुणाला ठाऊक नाही, ते मेल्यावर जन्माचे विद्यार्थी. आणि ही रोज पाण्यात उतरली, हे भिंतच सांगतेय, तर ही कोण? सन्मान्य बाई. करत काय होती? सन्मानानं बसून होती?"

मिन्सकला ठसका लागला. काकूनं कोबीत तोंड लपवलं. काकांनी ओठ घट्ट मिटले, पण खांदे हलत होते, आणि मग ते मोठ्यानं हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हानुलही हसली, कारण सगळे हसत होते.

हसून झाल्यावर काकांनी फोन उचलला. पाथरवटाला म्हणाले, "लिहून घे. 'बुड्या मारून चार लेकरं वाढवणारी आमची आई, को घराण्यातली.' हो. हो, बुड्या मारून. नाही, चुकत नाहीय मी. असं कुणी कोरून घेत नाही? मग तू पहिल्यांदा लिहितोयस असं समज."

थडगं उघडलं तेव्हा आत काहीच नव्हतं. आमच्या टेकडीची माती हाडं ठेवत नाही. भोवतालच्या लाल मातीत एक लांबट काळसर पट्टा तेवढा होता, माणसाएवढा, आणि तोही मला वाटलं त्यापेक्षा आखूड. लहानखुरी होती ती. ऊन पडू नये म्हणून आत्यानं वर छत्री धरली आणि काकांनी ती काळी माती दोन्ही हातांनी उचलून पांढऱ्या कापडात बांधली. मिन्सकनं फावडं पुढं केलं तर ते म्हणाले, "आईला फावड्यानं उचलतात?"

खाली बागेलगत काकांनी नवं कुंपण स्वतः रचलं. उजव्या हाताला दार ठेवलं, आजीचे गोल दगड पुन्हा भरावात घातले, आणि ते रचताना जवळ कुणाला येऊ दिलं नाही.

दगड बसवायच्या सकाळी आत्याच्या सोबतिणी आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पाण्यात उतरायच्या तयारीनंच आल्या होत्या, काळे रबरी पोशाख कमरेपर्यंत चढवलेले. त्यांतली सगळ्यात म्हातारी, जिला वाचता येत नाही, दगडापाशी गेली.

"कुठं लिहिलंय?"

आत्यानं तिचं बोट धरून अक्षरांवर ठेवलं. "इथून इथपर्यंत. बुड्या मारून."

म्हातारीनं बोट फिरवलं. "बरंच लांब आहे," ती म्हणाली, आणि तिला ते आवडलेलं दिसलं. "नाव नाही लिहिलं?"

"नाव कुणालाच ठाऊक नाही."

"माझं तरी कुणाला ठाऊक आहे? सगळी गिसूची आई म्हणतात."

"तुमचं नाव काय, आजी?" मी विचारलं.

तिनं सांगितलं, जरा लाजून. शेजारची म्हणाली, "अगं, इतकी वर्षं बरोबर उतरतोय, आज कळलं." मग सगळ्याच एकमेकींना नावं विचारायला लागल्या आणि एवढा गलका झाला की काकांना खाकरावं लागलं.

ते पेला घेऊन पुढं झाले. दरवर्षी ते 'आजोबा' म्हणून सुरुवात करत आले होते. या वेळी "आजी," म्हणाले आणि अडले. मग म्हणाले, "आजी, आम्हाला उशीर झाला." एवढंच. दारू ओतली. त्यांनी आणि मिन्सकनं जमिनीला कपाळ टेकून दोनदा नमस्कार केला.

आमच्या घरात थडग्यापाशी बायका नमस्काराला येत नाहीत. काका उठले आणि मागं न वळता म्हणाले, "मागं उभ्या आहेत त्यांनीही या."

बायांनी एकमेकींकडे बघितलं. मग चपला काढल्या. आत्या, काकू, मी, गिसूची आई, सगळ्या एका ओळीत वाकलो. रबरी पोशाख गुडघ्यात करकरले. हानुल माझ्या पाठीवरून खाली डोकावून दगड बघत होती.

वर उठतो न उठतो तोच कुणीतरी म्हणालं, "पाणी उतरायला लागलं." त्या चपला शोधायला लागल्या. काकू म्हणाली, "अहो, जेवून तरी जा," पण ऐकायला कोण थांबतंय? आत्यानं आपला नारिंगी गोळा खांद्यावर टाकला आणि वळून म्हणाली, "दादा, झाकून ठेव सगळं. येताना शंख आणते. इतक्या वर्षांत आजीच्या पुढं कुणी ताजा शंख ठेवला नाही."

मिन्सक सवयीनं नैवेद्याची ताटं गोळा करायला वाकला.

"राहू दे ते," काका म्हणाले. "त्या परत आल्या की मग."